एडक्याला कोणी विचारलं

लातूर, २० जून १९८२

पिराजी भाऊजी,

सलाम घ्या. उत्तर आधी देते, खुशाली मागून. न्हाई. शमू येणार न्हाई. आषाढातल्या मंगळवारी न्हाई आणि दुसऱ्या कोणत्याच वारी न्हाई. शाळेत शिकवलं तसं 'नाही' लिहून बघितलं होतं, पण ते फार मऊ वाटलं, म्हणून खोडलं.

पंचशीला, तुझी बालवाडीची पोरं घरी गेली की तूच हे भाऊजींना वाचून दाखवणार, मला ठाऊक आहे. भाऊजींचं पत्रही तुझ्याच अक्षरात होतं. तर ते 'न्हाई' जरा मोठ्यानं वाच बाई. गिळू नको.

भाऊजी, तुमचं पत्र तुमच्या भावाच्या नावानं आलं. त्यांनी वाचलं, घडी केली, शर्टाच्या खिशात घातलं आणि कचेरीत गेले. मला चकार शब्द नाही. शर्ट धुवायला घेतला तेव्हा माझ्या हाती लागलं. विचारलं तर म्हणाले, "पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा होतोय, मला मान वर करायला फुरसत नाही." उस्मानाबादेहून दप्तरं येऊन राहिलीत, नव्या कलेक्टर कचेरीत यांना बढतीची आशा आहे. म्हणून उत्तर मी देते. घरातल्या बाईनं दिलं म्हणून ते हलकं समजू नका.

तुम्ही लिहिता, छातीत कफ दाटतो, कमरेला आभरानाचा खणांचा घोळ बांधला की धाप लागते, स्वतःच्या पाठीवर ओढायचा कोरडा उचलवत नाही. तुम्हाला लेकरू नाही. म्हणून मरीआईचा कोरडा आता देविदासच्या, म्हणजे आमच्या यांच्या, थोरल्यानं धरावा, त्याचे केस न कापता राखावेत, त्याला पोतराज करावं. आणि सिद्रामप्पा पाटील म्हणतात, पोतराज खोकत बसला तर पाऊस कुठून येणार, पेरण्या खोळंबल्यात. पाटलांना माझा निरोप सांगा. त्यांनाही थोरला आहे. दिवसभर फटफटी उडवत देगलुरात फिरतो. त्याच्या हातात कोरडा देऊन बघा, बघू पाऊस येतो का.

माझा शमू बहात्तरच्या दुष्काळात पाळण्यात होता. त्याला गोवर झाला त्याचा एक डाग पाठीवर राहिलाय. त्या डागाला मी अजून खोबरेल लावते. त्या पाठीवर कोरडा? माझ्या जिवात जीव आहे तोवर होणे नाही.

तुम्ही म्हणाल, बाटग्याची बायको, हिला देवीचं काय कळतं. बरं, माझ्या देवाचं ऐका मग. आमच्या जुन्या करारात अब्राहाम नावाचा म्हातारा आहे. म्हातारपणी झालेला लेक, इसहाक. देवानं तोच मागितला. म्हाताऱ्यानं सरपणाचा भारा त्या लेकराच्याच पाठीवर दिला आणि डोंगर चढला. सुरी उचलली, तेवढ्यात वरून आवाज आला, थांब. बघतो तर झुडपात शिंगं अडकलेला एडका, म्हणजे मेंढा. लेकराच्या जागी तो गेला. पुढं देवाचे लोक मिसरातून निघाले, घरोघरचा थोरला मरायचा होता, त्या रात्रीही तेच. ज्या घराच्या चौकटीला कोकराचं रक्त, त्या घरातला थोरला वाचला. आम्ही मानतो की ही सगळी पुढं येणाऱ्याची खूण होती. येशू आला, सगळ्यांच्या जागी गेला, एकदाच गेला. किंमत भागली. आता माझ्या दारात येऊन कुणी वसुली लावायची नाही. देवीनं नाही आणि दिरानंही नाही.

खोकल्यासाठी इकडं या. मी दवाखान्यात नर्स आहेच, छातीचा फोटो काढू. त्याला माझी ना नाही.

तुमची वहिनी,
एस्तेर

लातूर, २ जुलै १९८२

भाऊजी,

तुमचं उत्तर आलं. पंचशीलानं तुमचे शब्द तुमच्या तोंडचे ठेवलेत, बरं केलं. नाहीतर माझा विश्वास बसला नसता.

"वहिनी, तुमच्या म्हाताऱ्याचं लेकरू वाचलं, लई ब्येस झालं. पर त्या एडक्याला कोणी इचारलं का? त्याला बी माय असंल. त्यो एडका म्या हाय, वहिनी."

डबा भरून तशीच बसून राहिले. ड्युटीला उशीर झाला, मेट्रनचं बोलणं खाल्लं.

लग्नाला इतकी वर्षं झाली, मला सांगितलं होतं ते एवढंच की धाकटा भाऊ पोतराज आहे, त्याला देवीचं वेड आहे. वेड! तुमच्या पत्रातून आता कळलं कुणाचं वेड. सासूबाईंची, नागाबाईंची, लेकरं जगत नव्हती, म्हणून त्यांनी नवस बोलला, पहिला जगेल तो मरीआईचा. जगला तो थोरला. म्हणून तर नाव देविदास. कोरडा धरायचं वय झालं तेव्हा थोरला उदगीरच्या मिशन बोर्डिंगात पहिल्या नंबरात पास होऊन बसलेला. आईचा जीव तुटला. मग तिनं काय केलं, तर थोरल्याचा सदरा धाकट्याला घातला, हातावर गुळाचा खडा ठेवला आणि मरीआईच्या ओट्यापुढं उभं करून सांगितलं, "बया, हा बघ तुझा देविदास." सगळ्या गावाला ठाऊक, एका देवीलाच ठाऊक नाही! आणि कुणी हसलंही नाही. त्या दिवसापासून गावात तुम्ही पिराजी आणि ओट्यावर देविदास. म्हणूनच आता सगळे म्हणतात, देविदासच्या मागं देविदासचाच लेक.

"सदरा ढगळ व्हता, पर नवा व्हता, म्हणून म्या लई खूश व्हतो," असं तुम्ही लिहिलंय. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

आमच्या जुन्या करारातही हे आहे हो. रिबकेनं धाकट्या याकोबाला थोरल्याचे कपडे घातले, हाताला करडाचं कातडं गुंडाळलं आणि आंधळ्या बापापुढं ढकललं. तिथं धाकट्याला आशीर्वाद मिळाला. तुम्हाला कोरडा मिळाला. आशीर्वाद बोर्डिंगात गेला, मॅट्रिक झाला, बाप्तिस्मा घेतला, माझ्याशी लग्न केलं आणि कारकून होऊन मोकळा झाला.

काल रात्री जेवताना त्यांना विचारलं. ताटावरून उठले नाहीत, पण हात थांबला. म्हणाले, "मी बोर्डिंगात होतो. मला सुट्टीत कळलं." मी म्हटलं, "कळल्यावर?" म्हणाले, "जुनं झालं ते, एस्तेर." जुनं झालं! भावाच्या पाठीवर दर मंगळवारी ताजं होतंय आणि हे म्हणतात जुनं झालं.

आणखी एक. बहात्तर साली यांना नोकरी नव्हती, मी ओली बाळंतीण. तुम्ही यायचात, मागच्या दारानं, ज्वारीचं गाठोडं ठेवून जायचात. पुढच्या खोलीत हे तुम्हाला बसू द्यायचे नाहीत, शेजारी चर्चची माणसं म्हणून. मला वाटायचं, दुष्काळी कामावरची मजुरी असेल. दुष्काळात पोतराजाच्या सुपात लोक मूठमूठ का घालतात ते आता समजलं. कोरड्याचा आवाज मोठा झाला की मूठ मोठी होते. त्या ज्वारीचं दूध झालं आणि शमूच्या पोटात गेलं. भाऊजी, मी तुम्हाला 'वसुली' लिहिलं होतं. माझ्या जिभेला हाड नाही.

पण ऐका, शमूला अजूनही न्हाईच. ती गोष्ट हलणार नाही.

तुमच्या प्रश्नावर आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, एडका म्हणजे जनावर, त्याला काय विचारायचं. मला ते पटलं नाही. मी माझ्या अकलेनं उत्तर देते. एडक्याला कुणी विचारलं नाही, हे खरं आहे. कोकरालाही नाही. म्हणूनच शेवटी देवानं दुसऱ्या कुणाला पुढं ढकललं नाही, स्वतः आला. माझा प्राण कुणी माझ्यापासून घेत नाही, मी आपण होऊन देतो, असं येशू बोलला. आपण होऊन देणं वेगळं आणि ढगळ सदरा घालून ढकलणं वेगळं. तुम्हाला ढकललं. त्याला मी बलिदान म्हणणार नाही. ती आमच्या घरानं केलेली बेइमानी आहे.

पंचशीला, तू समासात बारीक अक्षरात लिहिलंस, "ताई, मला विचाराल तर एडकाही नको आणि कोरडाही नको." तुला कुणी विचारलं नव्हतं. पण खोटं नाही ते.

एस्तेर

लातूर, १० जुलै १९८२

भाऊजी,

मंगळवारी मी येतेय. शमूला घेऊन नाही. एकटी. उदगीरहून देगलूरची गाडी मिळाली तर दुपारपर्यंत पोचेन.

का येतेय ते सांगते. जुन्या करारात नियम आहे. तुझा भाऊ परक्याच्या हाती विकला गेला, तर त्याच्या जवळच्या नातलगानं त्याला सोडवून आणावं. चुलत्यानं आणावं, चुलतभावानं आणावं, पण सख्खा असेल तर आधी त्यानं. मी ते पान उघडून यांच्यापुढं ठेवलं. म्हटलं, "वाचा. तुम्ही सख्खे आहात. गावात जा, ओट्यापुढं उभं राहा आणि सांगा की थोरला मी. भावाची गाठ सोडवा. कोरडा आपोआप खाली पडेल, आणि शमूवरचा हक्कही सुटेल."

हे पांढरे पडले. म्हणाले, "पंधरा ऑगस्ट होऊ दे. बढतीचा कागद साहेबाच्या टेबलावर आहे. आत्ता गावभर झालं की देविदास कारकून म्हणजे पोतराजाचा भाऊ, म्हणजे खरा पोतराज हाच, तर काय राहील माझं?" मी म्हटलं, "भाऊ राहील."

पाळकसाहेबही येऊन गेले. उजेडाची आणि अंधाराची भागी नसते म्हणाले. मी म्हटलं, बहात्तर साली तुमच्या उजेडानं आमच्याकडं पसाभर ज्वारी पाठवली नाही हो, अंधारानं पाठवली. चहा न पिताच गेले. जाऊ देत.

मग मी काय केलं ते सांगते, हसू नका. रूथच्या पुस्तकात असाच एक जवळचा नातलग आहे. सोडवायची पाळी त्याची, पण त्याला आपलं नुकसान दिसलं. त्यानं पायातलं पायतण काढून दुसऱ्याला दिलं. म्हणजे माझा हक्क मी सोडला, आता तू सोडव. मी यांना म्हटलं, "मग द्या पायतण." त्यांना वाटलं थट्टा करतेय. मी उंबऱ्यावरची त्यांची उजव्या पायाची चप्पल उचलली आणि पिशवीत घातली. कचेरीत ते बूट घालून गेले. ते बूट त्यांना चावतात.

पंचशीला, मंगळवारी तुझ्याकडं भाकरी खाईन. ठेचा कर.

एस्तेर

लातूर, १५ जुलै १९८२

भाऊजी,

सुखरूप पोचले. हे पत्र तुमच्यापेक्षा पंचशीलासाठी जास्त आहे. त्यांच्या बौद्धांत चालत नाही म्हणून ती मरीआईच्या ओट्याकडं आली नाही, आणि तुम्ही तिला काही सांगितलं नसणार. कोरडा कमरेला गुंडाळून गप बसायची तुमची सवय मला आता कळलीय.

पंचशीला, ऐक. हलगी वाजत होती. सिद्रामप्पा पाटील खुर्चीवर. भाऊजी हळदीकुंकवानं माखलेले, लांब केस मोकळे सोडलेले, पायात चाळ, आणि खोकल्यानं एवढे वाकलेले की चाळ आपोआप वाजत होते. पाटील म्हणाले, "पोरगं कुठं हाय?"

मी पिशवीतून चप्पल काढली आणि ओट्याखाली ठेवली. "ही देविदासची. खऱ्या देविदासची. तो आला नाही म्हणून मी आले." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पाटील म्हणाले, "चप्पल घिऊन काय करू? कोरडा कोणाला तरी धरावाच लागल. जागा खाली राहात न्हाई."

जुन्या करारात यहूदा नावाचा माणूस आहे. धाकट्या बन्यामीनाला परक्या मुलखात धरून ठेवलं, तेव्हा तो पुढं झाला आणि म्हणाला, ह्या पोराच्या जागी मला ठेवा. ते मी लहानपणी घोकून पाठ केलं होतं, बक्षीसही मिळालं होतं. पण पाठ असणं निराळं. तरी पदर खोचला, भाऊजींच्या पुढ्यात गेले आणि हात पसरला. "द्या. पोराच्या जागी मी."

कुणी हसलं नाही.

पाटील म्हणाले, "बाईमाणसाच्या हातात? आन् ही तर किरिस्ताव!" मी म्हटलं, "मुकाट राहा पाटील. जागा खाली राहत नाही ना? मग भरतेय मी. तुमच्या बयेला एकदा थोरला म्हणून धाकटा चालला, तर पोतराज म्हणून मी का चालू नये? मी तर नावही खोटं सांगत नाही. एस्तेर माझं नाव."

भाऊजींनी कोरडा अर्धा पुढं केला होता. माझ्या बोटांना त्याचं सूत लागलं. घामानं कडक झालेलं, मिठाचा खरखरीतपणा. मी मूठ आवळली. आणि भाऊजी सोडेनात. एका टोकाला मी, एका टोकाला ते. म्हणाले, "वहिनी, तुमच्या हातात कसा दिऊ? लागतंय वो हे."

मी म्हटलं, "आणि शमूला लागलं नसतं?"

मग ते खाली बसले, लहान लेकरू बसतं तसे. कोरडा मात्र हातात तसाच. मी ओढला असता तर आला असता. ओढला नाही. ओढून घेतला तर तेही ढकलण्यासारखंच झालं असतं.

भाऊजी, मला राग आलाय. तुमचा नाही. म्हणजे तुमचाही थोडा आहे. लागतंय हे तुम्हाला ठाऊक होतं, तरी पोराला बोलावलंत. आणि माझ्या हाती द्यायला जीव झाला नाही. आता तुमच्या तोंडानं मला सांगा, शमूला सोडलं म्हणून. पंचशीलाकडून लिहून घ्या.

चप्पल तिथंच राहिली. राहू द्या. उचलायची असेल तर ज्याची त्यानं उचलावी.

एस्तेर

लातूर, १५ ऑगस्ट १९८२, रविवार

भाऊजी,

तुमचं कार्ड मिळालं. दोनच ओळी. "शमूला सोडला. कोरडा माझ्यासंगं मातीत जाईल." पहिली ओळ वाचून मी शमूला घट्ट धरलं, तो म्हणाला, आई, गुदमरतंय. दुसरी ओळ मी मान्य करत नाही. ऐकू येतंय का? तुमची सुटका झाल्याशिवाय माझ्या लेकराची सुटका पुरी होत नाही. एकाला सोडून दुसरा अडकवायचा हा धंदा आपल्या घरात फार झाला.

कार्ड मी यांच्या ताटाशेजारी ठेवलं होतं. महिनाभर ते चावणारे बूट घालत होते. मी नवी चप्पल आणा म्हणाले नाही आणि त्यांनीही आणली नाही. उंबऱ्यावर डाव्या पायाची एकटीच पडून. शमू रोज विचारायचा, दुसरी कुठं गेली. हे पेपर तोंडापुढं धरायचे.

आज लातूर जिल्हा झाला. पहाटेपासून भोंगे लागलेत, शाळेची पोरं कागदी झेंडे घेऊन पळून राहिलीत. हे लवकर उठले. दाढी केली. झेंडावंदनाला कचेरीच्या रांगेत उभं राहायचं, साहेब ओळख करून देणार, बढतीचं आजच कळणार, हे सगळं महिनाभर ऐकलेलं. मी इस्त्रीचा पांढरा शर्ट काढून ठेवला. घालून बाहेर आले आणि उंबऱ्यावर बसून पायात चप्पल सरकवली. ती एकटी, डावी. उजवा पाय उघडा.

मी म्हटलं, "असं जाणार झेंड्याला?"

म्हणाले, "झेंड्याला न्हाई. दुसरी आणायला."

हातात पिशवी होती. आत काय म्हणून बघितलं, तर माझी कात्री. दवाखान्यातून निवृत्त झालेली, मोठी, केस कापायची. मी पुष्कळ काही बोलायचं ठरवलेलं, इतक्या वर्षांचं साठलेलं. पण एवढंच विचारलं, "ओट्यापुढं काय बोलणार?"

"थोरला म्या हाय. एवढंच."

भाऊजी, 'म्या हाय' म्हणाले. कचेरीतला माणूस, घरातसुद्धा 'मी आहे' म्हणणारा. लग्नानंतर त्यांच्या तोंडून तुमच्या गावची बोली मी पहिल्यांदा ऐकली.

स्टँडपर्यंत शमू सोबत गेला. परत आला आणि म्हणाला, लोक बाबांच्या पायाकडं बघून हसत होते, आणि बाबा पण हसत होते. ढोल वाजायला लागले तेव्हा गाडी सुटली.

पुढचं मला सांगता येत नाही. पाटील काय म्हणतील, लोक दगड मारतील की पाया पडतील, कोरडा कोण कुठं ठेवेल, तुम्ही कात्रीखाली मान द्याल का, काही ठाऊक नाही. माझा राग गेलेला नाही, एवढं मात्र ठाऊक आहे. गेले ते बरं केलं, पण भलत्या उशिरा गेले, हे मी त्यांना तोंडावर सांगणार आहे. तुमच्या देखतच सांगेन.

पंचशीला, हे पत्र पोचायला चार दिवस लागतील. ते ऐकायला भाऊजी गावात नसावेत, एवढंच मागणं मी सकाळपासून मागून राहिले. नसले तर तूच वाच, आणि वाचून ठेवून दे.

भाऊजी, छातीचा फोटो काढायचं डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. खाट पुढच्या खोलीत घातली आहे.

एस्तेर